लोभ असावा, पण कसा?



वारकरी सज्जनहो, आपल्याकडे जुन्या पत्रांचा शेवट ठरलेला असे. क्षेमकुशल लिहून झाले, पाऊसपाणी झाले, कोणाचे लग्न, कोणाचे बारसे हेही झाले, की खाली एक ओळ यायची: लोभ असावा, ही विनंती. ज्याचा लोभ आधीपासून आहे त्याला लिहायचे, लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा. मी स्वतः अशी शेकडो पत्रे लिहिली आणि वाचली. आणि त्याच काळात संध्याकाळी कीर्तनाला उभे राहिले की याच लोभाला आम्ही षड्रिपूंच्या रांगेत तिसऱ्या जागी उभे करीत होतो. गीतेच्या सोळाव्या अध्यायात भगवंत नरकाची तीन दारे सांगतात. काम, क्रोध आणि लोभ. मग सकाळच्या पत्रात आपण मागत होतो ते काय? वडीलधाऱ्यांनी आपल्यासाठी नरकाचे दार उघडे ठेवावे, अशी विनंती तर कोणी करीत नव्हते.

एकाच शब्दाची ही दोन तोंडे कशी, याचा उलगडा मला आपल्या पोथीत अर्धा झाला. उरलेला अर्धा एका परक्या शब्दात सापडला. तो शब्द आता परका म्हणण्यासारखा राहिलेला नाही. खेड्यातल्या पोराच्या मोटारसायकलवर तो रंगवलेला असतो, कपड्यांवर छापलेला असतो, लहान मुलांच्या तोंडी असतो. तो शब्द म्हणजे ‘लव्ह’. कीर्तन थांबल्यावर शब्दकोश चाळण्याचा छंद मला लागला, त्यात या शब्दाचे गोत्र हाती आले. ते आपल्यापुढे ठेवतो, कारण त्यातून आपल्याच भक्तीविषयीचा एक प्रश्न उभा राहतो आणि सुटतोही.

प्रथम गोत्र. सर विल्यम जोन्स हे कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश होते. १७८६ साली तिथल्या एशियाटिक सोसायटीपुढे त्यांनी सांगितले की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांत इतके साम्य आहे की त्या एकाच मूळ भाषेतून निघाल्या असल्या पाहिजेत. पुढच्या पंडितांनी याच मार्गाने इंग्रजी, जर्मन, रशियन यांचेही नाते लावले. हे नाते कानाला ऐकू येते. आपला भ्राता तो त्यांचा ब्रदर, आपला पितृ तो त्यांचा फादर, आपली नाभी तीच त्यांची ‘नेव्हल’. या शेवटच्या जोडीकडे नीट पाहा. आपल्या शब्दात जिथे ‘भ’ आहे तिथे त्यांच्या शब्दात ‘व्ह’ आहे. आता हाच नियम लावून ‘लव्ह’ उलटा वाचा. ‘व्ह’च्या जागी ‘भ’ ठेवला की हाती येतो लुभ्. तोच आपला लोभाचा धातू. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हा शब्द ‘लुफु’ असा लिहीत आणि त्यातल्या फ चा उच्चार व सारखा करीत. जर्मन लोकांचा ‘लीबे’ आणि रशियन लोकांचा ‘ल्युबोव्ह’ हीही त्याच घरची भावंडे.

म्हणजे इंग्रज ज्याला ‘लव्ह’ म्हणतो आणि आपण ज्याला लोभ म्हणतो, ते एकाच आईचे दोन मुलगे. एक तिकडे जाऊन देवघरात बसला, दुसरा इकडे राहून शत्रूंच्या यादीत गेला.

इकडे असे का झाले, हे आपल्या वैयाकरणांनी फार थोडक्यात सांगून ठेवले आहे. पाणिनीय धातुपाठात लुभ् दोनदा येतो. एका ठिकाणी त्याचा अर्थ दिला आहे विमोहन, म्हणजे भांबावणे, वाट चुकणे. दुसऱ्या ठिकाणी अर्थ दिला आहे गार्ध्य. हा गार्ध्य शब्द गृध् धातूचा, आणि त्याच धातूचा गृध्र, म्हणजे आपले गिधाड. गिधाड आकाशात कितीही उंच गेले तरी त्याची नजर खाली मेलेल्या जनावरावर असते. दिसले ते आपल्या चोचीत यावे, एवढीच त्याची दृष्टी. लुभ् या धातूत ही दृष्टी आमच्या आचार्यांनी पाहिली.

तिकडे काय झाले? त्याच मुळाला तिकडे दुसरी फळे धरली. जर्मन भाषेत या कुळातला ‘लोब’ हा शब्द आहे, त्याचा अर्थ स्तुती. आपण ज्याला गुणगान म्हणतो ते. इंग्रजीत विश्वास ठेवणे याला ‘बिलीव्ह’ म्हणतात, तोही याच मुळाचा; जे आपल्याला प्रिय, त्याच्यावर भाव ठेवणे. आणि चौथे फळ ऐकून आपल्याला गंमत वाटेल. कचेरीतली ‘लीव्ह’, म्हणजे रजा, तीही याच मुळाची. ज्याच्यावर मन राजी आहे त्याला दिलेली मोकळीक ती ‘लीव्ह’. आपला रजा हा शब्द अरबीतून आला आणि त्याचाही मूळ अर्थ संमती, राजीखुशी असाच आहे. दोन वेगळ्या भाषांनी, एकमेकींना न विचारता, प्रसन्नता आणि मोकळीक यांची गाठ बांधली. ही गाठ लक्षात ठेवा, पुढे तिचे काम आहे.

प्रेम, स्तुती, भाव आणि रजा. एका लुभ्-च्या मुळाला ही चार फळे. सांगा, यांत भक्तीचे काय बाकी राहिले?

आता दुसरा धातू घेऊ. आपला प्रेम हा शब्द प्रिय पासून आणि प्रिय हा प्री धातूपासून. या प्री-चा अर्थ धातुपाठ देतो तर्पण, म्हणजे तृप्त करणे. गार्ध्य आणि तर्पण हे दोन शब्द शेजारी ठेवले की दहा प्रवचनांचे काम होते. लोभ स्वतःचे पोट पाहतो. प्रीती समोरच्याचे पोट भरले का ते पाहते. आई जेवायला वाढते तेव्हा तिची नजर भांड्यात नसते, लेकराच्या तोंडाकडे असते. ते तर्पण.

या प्री-लाही इंग्रजीत वंश आहे. आपल्या ‘प’ला त्यांच्याकडे ‘फ’ येतो, हे पितृ आणि फादर या जोडीत पाहिलेच. त्याच नियमाने प्री कुळातला त्यांचा शब्द आहे ‘फ्रेंड’. त्याचा मूळ अर्थ प्रेम करणारा. आणि आपल्या प्रिय या शब्दाचा तिकडचा सख्खा भाऊ आहे ‘फ्री’, म्हणजे मोकळा, बंधनात नसलेला. प्रियचा अर्थ मोकळा कसा झाला? त्या जुन्या काळी घरात दोन प्रकारची माणसे असत. एक आपली, रक्ताची, जिव्हाळ्याची, दुसरी दास. जी प्रिय ती मोकळी, जी दास ती बांधलेली. तेव्हा प्रिय म्हणजेच मोकळा, असा अर्थ रुळला. आज आपण ‘फ्री’ म्हणजे फुकट एवढेच समजतो. पण त्या शब्दाच्या पोटात केवढे सत्य आहे पाहा. ज्याच्यावर प्रेम आहे तो बांधलेला नसतो.

गीतेच्या बाराव्या अध्यायात भगवंत आपल्या आवडत्या भक्ताची लक्षणे सांगू लागतात. तो कोणाचा द्वेष करीत नाही, सर्वांचा मित्र असतो, दयाळू असतो, असे म्हणून लगेच त्याच श्लोकात म्हणतात की तो निर्मम असतो, त्याला ‘माझे’ हा भाव नसतो. तरुणपणी हे वाचताना वाटायचे, मैत्री आणि निर्ममता एका श्लोकात कशा बसल्या? ‘फ्रेंड’ आणि ‘फ्री’ एका धातूचे निघाले, तेव्हा त्या श्लोकाला दूरच्या देशातून साक्षीदार मिळाल्यासारखे झाले. मित्र तोच जो मोकळे ठेवतो.

परमार्थाच्या प्रांतात तिकडेही या शब्दांवरून मोठे वाद झाले. ख्रिस्ती लोकांच्या ग्रीक ग्रंथात ईश्वरी प्रेमाला ‘अगापे’ हा शब्द आहे. लॅटिनमध्ये त्यासाठी ‘कारितास’ आला आणि त्यावरून इंग्रजीत ‘चॅरिटी’. १५२६ साली विल्यम टिंडेल यांनी इंग्रजी भाषांतर छापले, त्यात त्यांनी ‘चॅरिटी’ काढून साधा ‘लव्ह’ घातला. त्यावर सर थॉमस मोर यांनी कडक आक्षेप घेतला. इतका पवित्र शब्द काढून बाजारात सर्वांच्या तोंडी असलेला शब्द का आणला, असा त्याचा रोख. १६११ च्या राजमान्य भाषांतरात, सेंट पॉलच्या प्रेमावरच्या प्रसिद्ध अध्यायात, पुन्हा ‘चॅरिटी’ बसला. १८८१ साली भाषांतर सुधारले तेव्हा ‘लव्ह’ परत आला. आज ‘चॅरिटी’ म्हणजे दानधर्म, देणगीची पावती एवढाच अर्थ लोकांच्या मनात उरला. मराठी बायबलात त्या जागी प्रीती हा शब्द आहे.

या वादाची खरी गंमत आपल्याला कळेल, त्यांना कळली नसेल. ‘कारितास’ ज्या मुळाचा त्याच मुळाचा आपला काम. म्हणजे एका बाजूला काम-च्या गोत्राचा शब्द, दुसऱ्या बाजूला लोभ-च्या गोत्राचा, आणि भांडण कशासाठी, तर देवावरच्या प्रेमाला यांतला कोणता शोभतो यासाठी! आपण ज्यांना रिपू म्हणतो त्यांचेच दोन भाऊबंद तिकडे देवाची पालखी उचलायला पुढे आले होते.

आता येथे कोणी म्हणेल, हे शब्दांचे खेळ झाले, परमार्थाशी याचा काय संबंध? संबंध आहे. ज्या प्रश्नासाठी हे सारे लिहितो तो प्रश्न एका माउलीने मला विचारला होता. वारीत फलटणच्या मुक्कामी राहुटीबाहेर ती येऊन बसली. मालक वारलेले, एकुलता मुलगा अमेरिकेत. म्हणाली, “महाराज, पोरगं रोज रातीला फोन करतंय. ठेवताना ‘लव्ह यू आई’ म्हनतंय. मला काय म्हनावं ते सुदरत न्हाई. मी आपली ‘जेवलास का’ म्हनते.” मी हसलो. मग ती खालच्या आवाजात म्हणाली, “पर एक बुवा म्हनले, ह्यो समदा मोह हाय. पोरात जीव आडकला तर पांडुरंग कसा भेटंल? तोडून टाका म्हनले. म्या लई करून पायलं. तुटत न्हाई.”

सज्जनहो, हा प्रश्न त्या एकटीचा नाही. आपल्यातल्या किती म्हाताऱ्या माणसांच्या पोटात तो आहे. नातवाचा हात सोडवत नाही, लेकीची आठवण जात नाही, आणि माळ घातली म्हणून मनात भीती, की हा जीव गुंततो तो माझ्या आड येईल का. तोडा म्हणणे सोपे असते. ज्याचे तुटत नाही तो मग स्वतःलाच अपराधी समजू लागतो, आणि पांडुरंगापुढे उभा राहतानाही त्याची मान खाली जाते.

मी तिला पुंडलिकाची गोष्ट आठवायला सांगितली. आपल्या सांप्रदायाचा पायाच ती. पुंडलिक आधी आईबापांशी कठोर होता, बायकोच्या पाशात होता. कुक्कुट ऋषींच्या आश्रमात त्याचे डोळे उघडले. मग त्याने काय केले? जीव लावणे सोडून तो रानात गेला का? नाही. जीव लावण्याचे तोंड फिरवले. जे आपल्याला सुख देईल त्याच्याकडे धावणारे मन आईबापांच्या पायांशी नेले. दारात साक्षात भगवंत आले तेव्हाही त्याने आईबापांचे पाय सोडले नाहीत, वीट टाकली आणि थांबायला सांगितले. आणि भगवंत थांबले. अठ्ठावीस युगे थांबले, असे आपण म्हणतो. घरच्या माणसांवरचे प्रेम देवाच्या आड येते, असे म्हणणाऱ्याने पंढरपुरात त्या विटेकडे पाहावे. त्या प्रेमासाठीच तर देव विटेवर उभा आहे.

मग शत्रू कोण? ओढ शत्रू नाही. ओढ नसेल तर वारीला पाऊल निघणार नाही. शत्रू तो ‘मम’. आपल्या भाषेत ममता हा शब्द आईसाठी वापरतो, पण त्यात ‘मम’ आहे, माझे आहे. माया हा शब्द तर आपल्याकडे तीन घरी नांदतो: आईची माया, साठवलेली माया म्हणजे पैसा, आणि वेदान्तातली माया म्हणजे भ्रम. तीनही अर्थांना एकच शब्द ठेवणाऱ्या मराठी माणसाला ठाऊक होते की यांच्यामधल्या भिंती कच्च्या आहेत. आईच्या मायेत ‘माझे’ वाढले की ती साठवलेल्या मायेसारखी होते. मुलगा गाठोड्यात बांधायची वस्तू होतो. आणि गाठोडे सुटेल या भीतीने जो जगतो तो भ्रमात जगतो. ज्याला बुवा मोह म्हणाले तो हा. तो तोडायचा तर मुलापासून तुटावे लागत नाही, गाठोड्याची गाठ सोडावी लागते.

ओळखायचे कसे? शास्त्राचा बडेजाव न करता तीन खुणा सांगतो. पहिली: नजर कुठे आहे? आपल्या पोटाकडे की त्याच्या? गार्ध्य की तर्पण? दुसरी: प्रेम पसरते की आकसते? स्वतःच्या लेकरावर जीव असणारी बाई शेजारणीचे लेकरू उपाशी पाहून कळवळली, तर तिचे प्रेम वाढीला लागले. स्वतःच्या लेकरासाठी तिने शेजारणीच्या ताटातले काढून घेतले, तर तो लोभ झाला. आपण वारीत भेटेल त्याला माउली म्हणतो, त्याच्या पायांवर डोके ठेवतो. ही घरात शिकलेली माया पसरवण्याचीच शाळा आहे. तिसरी खूण सर्वांत अवघड: प्रेम रजा देते का? लेकराला जायचे असेल तिथे हसून जाऊ देते का? परतावे म्हणून वाट पाहणे हे प्रेमात बसते. परतलाच पाहिजे म्हणून दोर बांधणे बसत नाही. म्हणूनच म्हटले होते, प्रसन्नता आणि रजा यांची गाठ लक्षात ठेवा.

त्या माउलीला मी म्हणालो, “बाई, पोरगा साता समुद्रापार गेला तेव्हा तुम्ही त्याला जा म्हणालात ना?” ती म्हणाली, “म्हनले की. त्याचं बरं व्हावं म्हून. रडले मागनं.” मी म्हणालो, “मग तिथंच झालं ते. रजा दिलीत, ते प्रेम. मागून रडलात, तेही प्रेम. तोडायचं काही उरलं नाही. आणि तो ‘लव्ह यू’ म्हणतो, तुम्ही ‘जेवलास का’ म्हणता, तुमचं उत्तर चुकीचं नाही. तर्पणच विचारता तुम्ही.”

आमची भाषाही मुळात अशीच आहे. इंग्रज म्हणतो, ‘मी तुझ्यावर प्रेम करतो’. वाक्याच्या दारात आधी ‘मी’ उभा. आपले म्हणणे पाहा: लळा लागतो, जीव जडतो, माया येते, ओढ लागते, कोणी आवडते. करणारा ‘मी’ कुठे दिसतच नाही. पंढरीची वाट चालणाऱ्याला विचारा, तो ‘मी विठ्ठलावर प्रेम करतो’ असे म्हणणार नाही, वेड लागलंय म्हणेल. लागणाऱ्या गोष्टीचा अहंकार कोण धरणार? तरीही तरुण पिढी ‘लव्ह यू’ म्हणते म्हणून आपण नाक मुरडू नये. त्यांच्या शब्दाच्या तळाशी आपलाच धातू आहे. त्यांनी तो आपल्या आईला म्हटला तर उलट आनंद मानावा.

एक गोष्ट माझ्या व्यवसायबंधूंसाठी. गिधाडाची दृष्टी कीर्तनाच्या फडातही उतरते. बिदागी किती, गर्दी किती, पाहणारे किती, याकडे नजर गेली की वाणी तीच राहते पण धातू बदलतो. तुकोबारायांनी कीर्तनाचे मोल घेणाऱ्याला आणि देणाऱ्यालाही किती कठोर शब्दांत बजावले आहे, ते आपण जाणतो. ‘लोब’ म्हणजे स्तुती ज्या मुळातून आली त्याच मुळातून लोभ आला. स्तुती करता करता लोभ होणे फार लांबचा प्रवास नाही. आणि लोभ स्तुतीत विरघळवणे, हेही फार लांब नाही.

कारण आपल्या परंपरेने लोभाला कायमचे हद्दपार केलेले नाही. बंगालच्या वैष्णवांत सोळाव्या शतकात रूप गोस्वामी झाले. त्यांनी रागानुगा भक्तीचा अधिकार सांगताना जात, विद्या, पुण्य यांतले काही मागितले नाही. व्रजवासीयांच्या भावाचा लोभ सुटणे हाच अधिकार मानला. गीतेच्या सातव्या अध्यायात भगवंत स्वतः म्हणतात की धर्माला न सोडणारा काम म्हणजे मी. ज्या काम-लोभांना सोळाव्या अध्यायात नरकाची दारे म्हटले, त्यांच्यातल्या ओढीला देवाने असे आपल्या घरात जागा ठेवली आहे. आणि मराठीने तर सुंदर मुलाला लोभस म्हणून या शब्दाचे पाप कधीच धुऊन टाकले. पाहिले की जीव ओढला जातो तो लोभस. विटेवरच्या त्या सावळ्याला दुसरा कोणता शब्द लावाल?

तेव्हा पत्राच्या शेवटी आपले वाडवडील जे मागत होते ते बरोबरच मागत होते. तुमचे काही माझ्याकडे यावे, असे ते म्हणत नव्हते. तुमच्या मनात माझ्यासाठी जागा असावी, एवढेच म्हणत होते. मागितला तो दुसऱ्याच्या मनातला लोभ, आणि तोही विनंती करून. त्यात दोर नाही, हक्क नाही. देणारा मोकळा आहे. असा लोभ माणसामाणसांत वाढला तर त्याला शत्रूंच्या रांगेतून काढून दिंडीत घ्यायला काय हरकत आहे? टाळ त्याच्या हाती द्यावा, पंढरपूरपर्यंत तो आपोआप सुधारतो.

वाचक सज्जनहो, आपला लोभ आहेच. तो वृद्धिंगत व्हावा, आणि आपल्याकडून वाट काढीत तो पांडुरंगाच्या पायापर्यंत पोहोचावा, ही विनंती.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल.